उजवी बाजू

"सरळ करून दिलोय बघा टीचर," असं म्हणत फोटो स्टुडिओवाल्या माणिकप्पांनी फोटोचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. काय सरळ केलं, ते पाकीट उघडेपर्यंत मला कळलं नाही. आत एक बाई होती. साडी माझी, कानातल्या कुड्या माझ्या, सकाळी चाचपडत लावलेली आणि जरा जास्तच वर गेलेली टिकलीसुद्धा माझीच. चेहरा मात्र दुसऱ्या कुणाचा तरी होता. दोन्ही डोळे सारखे उघडे, दोन्ही गाल सारखे भरलेले, ओठांची टोकं एका रेषेत. "डावी बाजू तुमची झकास हाय की," माणिकप्पा सांगत होते. "तीच उचलली, पलटी केली अन् उजवीकडं बसवली. कुणाला कळायचं न्हाई." माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या मुली माझ्याच वर्गात अक्षरं गिरवून गेल्या आहेत, आणि आपल्या परीने ते त्याची परतफेड करत होते. मी "छान झालाय" म्हणाले. ओठ मिटावे लागत नाहीत असे काही शब्द मी बाहेर वापरायला काढून ठेवले आहेत, त्यांतले हे दोन. 'बरं' म्हणायला गेलं की उजव्या कोपऱ्यातून हवा निसटते आणि समोरचा माणूस घाईघाईने दुसरीकडे बघतो. माणिकप्पा खूश झाले. पाकीट पर्समध्ये टाकून मी चौबाऱ्याच्या बुरुजापाशी ऑटोत बसले.

माझे यजमान श्रीनाथ बरोबर असले की ते माझ्या उजवीकडे बसतात. असं आम्ही कधी ठरवलं नाही. मी सरकत गेले आणि ते येत गेले. ऑटोत, बसमध्ये, कुणाच्या बारशाला, कुणाच्या मयतीला, मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे माझी उजवी बाजू त्यांच्या खांद्याआड. त्या दिवशी मी एकटी होते. बिदरच्या वाऱ्याला काही धरबंध नाही, आणि माझा उजवा डोळा पुरता मिटत नाही, त्यामुळे किल्ल्याच्या बाजूने वारा लागला की त्यातून नुसती धार लागते. समोर भाजीची पाटी पायाशी घेऊन बसलेली बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "कामून रडायलीस ग माय? घरी काय झालं का?" मी हसून मान हलवली. हसल्यावर तिने माझा चेहरा नीट पाहिला आणि पाटी जरा जवळ ओढून मला पाय ठेवायला जागा करून दिली. मला अर्धंच रडता येतं हे तिला सांगावंसं वाटलं. रडायचं काही नसताना एक डोळा वाहतो, आणि खरंच भरून येतं तेव्हा हा असाच वाहत असल्याने कुणाला कळत नाही. श्रीनाथ यावर म्हणतात, अर्धांगिनी, म्हणून अर्धीच रड. त्यांचे विनोद असलेच असतात.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ ब्लाउजवर सांडलं, आणि मला वाटलं तांब्याच काहीतरी बिघडलाय. दुसऱ्यांदा भरली, परत सांडली. तेवढ्यात दाढीचा साबण गालाला लावलेले श्रीनाथ वळले आणि म्हणाले, "तोंड असं कामून करायलीस?" मी त्यांना वेडावून दाखवतेय असं त्यांना वाटलं. ते हसले, मग मीही हसायला गेले, आणि त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. मला त्या सकाळचं बाकी फार आठवत नाही. तो पांढरा फेस लागलेला चेहरा आठवतो आणि त्यातले एकदम मोठे झालेले डोळे. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा लकवा नव्हे, चेहऱ्याची नस सुजलीय, बहुतेकांचं परत जाग्यावर येतं. माझं निम्मं आलं आणि मग तिथेच थांबलं. फुगे फुगवले, गाल चोळले, आरशासमोर बसून अ-आ-इ-ई केलं. निजताना श्रीनाथ डोळ्यात औषधाचा थेंब टाकून पापणी बोटाने हलकेच खाली ओढत आणि वर कागदी चिकटपट्टी लावत. दिवसभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या फाटक्या पाठी चिकटवणारा माणूस. हात हलका आहे. हळूहळू मी आरशासमोर बसणं सोडलं. कपाटाच्या आरशावर जुनी ओढणी टाकली, ती अजून तशीच आहे. केस खिडकीशी उभं राहून विंचरते, टिकली अंदाजाने लावते. घरात उघडा आरसा एकच उरला, मोरीजवळच्या खिळ्याला टांगलेला, श्रीनाथांचा दाढीचा.

सुरुवातीला शाळेत मात्र गेले होते. पहिलीचा वर्ग, प फ ब भ म ची ओळ. त्यांतली निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी, काही उर्दू, आणि मराठी अक्षर ती माझ्या तोंडाकडे बघून उचलायची. मी 'म' म्हणाले. सगळा वर्ग 'म' म्हणाला, आणि सगळ्या वर्गाने ओठ डावीकडे ओढून घेतले. कुणी चेष्टा करत नव्हतं. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर डोळे मोठे करून, गाल एका बाजूला घट्ट धरून, इतकं मन लावून म्हणत होती की मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. टीचर म्हणतात तसाच 'म' असतो, अशी तिची खात्री होती. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. पुढे रजा टाकली, आणि मग ती रजा वाढवत वाढवत नोकरीच सोडली. त्या मुलीचा 'म' पुढे कुणी सरळ केला की नाही, हे अजून मला भर दुपारी आठवतं आणि वाईट वाटतं.

शिक्के आले ते त्या रजेत. माझ्या मुलीच्या, हर्षिताच्या, शाळेच्या जुन्या डब्यात खोडरबरांचे तुकडे पडले होते. ब्लेडने सहज एकावर चिंचेचं पान कोरलं, शाईच्या पॅडवर दाबलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला उमटवलं. पान उमटलं. मग परत, परत, आणि बघते तर कडेने अख्खी डहाळी झालेली. त्या दिवशी मी जेवण गरम करायचं विसरले. हर्षिताने बेंगळूरहून मोठ्या मऊ रबराच्या वड्या आणि बारीक पटाशा पाठवल्या. गावातल्या जुन्या मदरशाच्या भिंतीवर निळ्या नक्षीच्या फरशीचे जे तुकडे उरलेत त्यांवरून मी अर्धी फुलं कोरायला लागले. एक अर्धं इकडून, दुसरं उलटं कोरलेलं अर्धं तिकडून, दोन्ही भिडली की फूल पुरं. उशांचे अभ्रे, रुमाल, शेजारच्या लिंगम्मांच्या देवघराचा पडदा, जे हाती येईल त्यावर मी छापत सुटले. या कामात बोलावं लागत नाही आणि चेहरा खाली असतो. एक गोष्ट तेवढी सतत ध्यानात ठेवावी लागते. रबरावर जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे. म्हणून चित्र आधी बटर पेपरवर गिरवायचं, मग कागद पालथा घालून नखाने रबरावर घासायचं, म्हणजे रबरावर ते उलटं बसतं आणि छापताना सरळ येतं. हे विसरलं की कोरलेलं सगळं वाया जातं.

ऑटोतून उतरताना मला कळलं की माणिकप्पांनी माझं काय केलं. एक अर्धं इकडून, तेच उलटं तिकडून. त्यांनी माझी नक्षी केली होती.

फोटो काढायला मी गेले होते ते हर्षितासाठी. तिचं लग्न ठरलं कलबुर्गीच्या काशप्पा आणि दानम्मांच्या मुलाशी. दोघांची ओळख नोकरीतली. सकाळी आमच्या पद्धतीने, संध्याकाळी त्यांच्या, हे सगळं गोडीत ठरलं आणि गाडी अडली पत्रिकेवर. मराठी छापायची की कन्नड? आमच्या खटकचिंचोळीच्या नातेवाइकांना कन्नड बोलता येतं पण वाचायचा कंटाळा, त्यांच्याकडच्यांना मराठी कळतं पण पत्रिकेवर आपली लिपी हवी. दोन्ही छापली तर वर कुठली? हर्षिता म्हणाली, "अक्षरं मागं राहू दे आई. पुढं नुसते चेहरे छापू. तुझ्या हातचे. चेहऱ्याला काय लिपी लागायलीय?" नवरा-नवरी वर, खाली एका कोपऱ्यात काशप्पा-दानम्मा, दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही. पाच चेहरे मी कोरले. दानम्मांची नथ करताना तर इतकी मजा आली. हैदराबादहून जाड कागद आणला, कार्डं कापली, पाचही चेहरे सगळ्या कार्डांवर छापून झाले, आणि श्रीनाथांच्या शेजारी, त्यांच्या डाव्या हाताला, प्रत्येक कार्डावर एक मोकळी जागा राहिली. मी म्हणत होते, नंतर करते. हर्षिता म्हणत होती, एक साधा फोटो काढून घे आणि त्यावरून कर.

तिला एक गोष्ट माहीत नव्हती. मी श्रीनाथांना सांगून ठेवलं होतं की कन्यादानाला मी बसणार नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई मालतीबाई आणि भाऊजी बसतील. कारण त्या एका विधीला आमच्यात बायको नवऱ्याच्या उजवीकडे बसते. आयुष्यभर डावीकडे, आणि नेमकी त्या वेळी उजवीकडे. म्हणजे माझी चांगली बाजू श्रीनाथांकडे आणि पडलेली बाजू उघडी, सगळ्या मांडवासमोर, व्हिडिओवाल्यासमोर, काशप्पांच्या सगळ्या गोतासमोर. मधे कुणाचा खांदा नाही. माझ्या एकुलत्या एका मुलीचा हात मला दुसऱ्याच्या हातात द्यायचा नव्हता असं नाही. मला तो द्यायचाच होता. तिच्या जन्मापासून मला त्या क्षणाची भीती वाटत आली होती आणि ओढही. पण मी बसणार नव्हते. श्रीनाथ यावर "बघू" एवढंच म्हणाले होते, आणि त्यांचं 'बघू' म्हणजे त्यांना अजिबात पटलेलं नसतं.

तेव्हा माणिकप्पांचा फोटो समोर ठेवून मी कामाला बसले. इतकं सोपं काम आजवर आलं नव्हतं. अर्धा चेहरा गिरवला, बटर पेपर मधोमध दुमडला, दुसरा अर्धा आपोआप आला. उलटं-सुलटं याचाही प्रश्न नाही. असा चेहरा कसाही पालथा घाला, तसाच. मी कोरला, एका कोऱ्या कागदावर उमटवला आणि वाळायला टेबलावर ठेवला. संध्याकाळी श्रीनाथ कॉलेजातून आले, चहाचा कप घेऊन टेबलाशी उभे राहिले, चष्मा वर करून बघितलं आणि अगदी आदराने विचारलं, "ह्या कोण? काशप्पांच्या बहीण का?"

मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्यांनी वाकून परत बघितलं. मग त्यांना कानातल्या कुड्या ओळखू आल्या असाव्यात, कारण कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मला राग यायला हवा होता. पण मला एकदम इतकं बरं वाटलं की मी ओट्याला टेकून उभी राहिले. या माणसाला ती बाई ओळखता आली नव्हती.

त्याच वेळी हर्षिताचा व्हिडिओ कॉल आला. मी सकाळी तिला एका कार्डाचा फोटो पाठवला होता. ती ओरडलीच, "आई, बाबांची खूण बघ की कुठं आलीय!" श्रीनाथांच्या डाव्या भुवईत लहानपणीची एक खोक आहे, कडब्याच्या गंजीवरून पडल्याची. तिथे केस उगवत नाहीत. कार्डावर ती उजव्या भुवईत उमटली होती. "थेट रबरावर काढलीस ना? पेपर पालथा घातलाच न्हाईस. बाबा अख्खे उलटे आलेत." मी कार्ड उचलून बघितलं. बरोबर होतं. बाकीचे चार चेहरे फोटोंवरून केले होते. श्रीनाथांना मात्र मी खिडकीशी बसवलं होतं, खिडकीकडे बघा म्हटलं होतं, आणि बघता बघता हातातल्या रबरावरच पेन्सिल चालवली होती. ज्या माणसाला रोज बघते त्याला गिरवून काय घ्यायचं, असं काहीतरी मनात असेल. सगळ्या कार्डांवर छापून झालं होतं, आणि मला दिसलंही नव्हतं. मी श्रीनाथांना विचारलं, "अहो, तुम्ही तर रोज ही कार्डं मोजून ठेवता. तुम्हाला कळलं नाही?"

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "मला तर बरोबर वाटायलंय," ते म्हणाले. "दाढी करताना मी रोज असाच दिसतो की."

हर्षिता इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. मीही हसले, नेहमीसारखा तळहात तोंडावर धरून. मी म्हटलं, नवीन कागद आणू, परत कोरते. श्रीनाथ म्हणाले, "राहू दे. मला आवडलाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भांडी घासताना, तांदूळ निवडताना ते वाक्य माझ्या मागेमागे फिरत राहिलं. हा माणूस इतकी वर्षं एक चेहरा आपला म्हणून ओळखतो, तो चेहरा आम्ही कुणी कधी पाहिलेला नाही. आणि ज्या चेहऱ्यावर मी जीव टाकला, रागावले, ज्याचा ताप हाताने बघितला, तो त्यांना ठाऊकच नाही. मग माझं काय? आरशातल्या ज्या चेहऱ्याला भिऊन मी ओढणी टाकली, तो मला एकटीलाच दिसत होता. लोकांना दिसतो तो तर मी एकदाही बघितला नव्हता. माणिकप्पांनी दाखवायच्या आधीच बदलला होता. न बघितलेल्या चेहऱ्यासाठी मी वर्ग सोडला होता आणि आता कन्यादान सोडायला निघाले होते. तांदळाचं ताट बाजूला ठेवून मी हात पुसले आणि म्हणाले, "अहो, तुमचा दाढीचा आरसा द्या जरा. आणि तुम्हीही या."

ते उठले. खिळ्यावरून आरसा काढला, बनियनला पुसला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून तो धरून बसले. कार्डं उडू नयेत म्हणून मी खिडकीची काच लावून घेतली. मग रबराची नवी वडी हातात धरली आणि मान वर केली.

भीती वाटली. पहिल्यांदा मी फक्त कान बघितला, मग केसांची रेघ, मग कपाळ, आणि कपाळापाशी थांबले. डाव्या बाजूला आठ्या पडल्या होत्या, चांगल्या खोल, वयाला शोभतील अशा. उजव्या बाजूला एकही नव्हती. ती नस गेल्यापासून त्या बाजूने कधी आठी घातलीच नव्हती. तिथलं कपाळ कोवळं, गुळगुळीत होतं, हर्षिताच्या कपाळासारखं. गाल सैल होता, ओठाचं टोक खाली उतरलं होतं, डोळा ओला होता, हे सगळं होतं. पण माझी उजवी बाजू दमलेली दिसत होती, भयंकर नाही. आजारातून उठलेल्या माणसाची आपण चौकशी करतो तशी मला तिची चौकशी करावीशी वाटली. जसं आरशात दिसत होतं तसंच मी थेट रबरावर काढत गेले. आरशाने एकदा उलटं केलेलं, छापताना दुसऱ्यांदा उलटं होणार, म्हणजे कागदावर येईल ते जगाला दिसतं तेच. बटर पेपर लागणार नव्हता.

"हात दुखायलाय," श्रीनाथ म्हणाले.

"मुलीच्या लग्नात एवढंही नाही करायचं?"

"तू आरशात बघायलीस का माझ्याकडं?"

आरशाच्या वर त्यांचे डोळे होते. मी दोन्हीकडे बघत होते. "हलवू नका," म्हटलं आणि हसू आलं. हात रबरावर गुंतला होता, तोंडावर धरता आला नाही. ते हसूही मी काढलं, डावीकडे होतं तेवढं.

पटाशीने कडेचं रबर निघत गेलं. पडलेल्या गालासाठी मी एकच रेघ ठेवली. कोरून झाल्यावर शाई लावली, कागदावर दाबला, उचलला, आणि स्वतः न बघता कागद त्यांच्यापुढे सरकवला. ते बघत राहिले. चष्मा काढला, परत घातला.

"बोला की. ह्या कोण?"

"ही व्हय," ते म्हणाले. "ही आमची. कालच्या बाईंना त्यांच्या घरी पाठव आता."

मग मी बघितलं. ती मला पूर्ण ओळखीची वाटली नाही, पण तिच्याबद्दल मला माया वाटली, आणि ती मी लपवली नाही. वरचं कार्ड ओढून मी मोकळ्या जागेवर शिक्का नीट धरून दाबला. उचलला, आणि मला दिसलं. श्रीनाथ खिडकीकडे बघत बसले होते. सरळ छापले असते तर त्यांचं तोंड कार्डाच्या कडेकडे, बाहेर गेलं असतं. माझ्या चुकीने ते उलटे आले आणि इकडे वळले. इतके दिवस ते त्या मोकळ्या जागेकडे बघत होते. आता तिथे मी होते, त्यांच्या डाव्या हाताला, माझी उजवी बाजू त्यांच्याकडे, आणि ते माझ्या पडलेल्या गालाकडे बघत होते. शांतपणे, जसे घरात बघतात तसे. तीन वर्षं मी त्यांना भिंत समजून त्यांच्याआड बसत आले, आणि भिंतीच्या बाजूने रोज हे असं कुणीतरी बघत होतं.

"मालतीवहिनींना फोन करा," मी म्हणाले.

"काय सांगू?"

"सांगा, पैठणी नेसून या आणि पुढच्या रांगेत बसा. कन्यादानाला मीच बसायलेय. तुमच्या उजवीकडं."

"बघू" म्हणाले नाहीत. उठून फोन शोधायला गेले. मी पुढचं कार्ड घेतलं. उजव्या डोळ्यातून पाणी आलं. त्याचं काही नाही, ते येतच असतं. मग डाव्यातूनही आलं.